जलवैज्ञानिक व शालेय शिक्षण

जलवैज्ञानिक व शालेय शिक्षण : नद्या, सरोवरे, तळी, भूजल आणि महासागर यांचा अभ्यास करणारे वैज्ञानिक व शालेय शिक्षक-विद्यार्थी यांच्यात जाणीवपूर्वक व दीर्घकाळ राखलेला कामकाजाचा संबंध. वैज्ञानिकाने शाळेत येऊन व्याख्यान देणे किंवा विद्यार्थ्यांची सहल प्रयोगशाळेत नेणे एवढाच या संबंधाचा अर्थ सामान्यतः घेतला जातो. तो अपुरा आहे. ज्या संबंधात शाळा आपल्या परिसरातील पाण्याचे मापन स्वतः करते, वैज्ञानिक त्या मापनाची पद्धत ठरवून देतो व ते तपासतो आणि मापनाचा निष्कर्ष पुन्हा शाळेकडे येतो, तोच संबंध शिक्षणाच्या व विज्ञानाच्या दृष्टीने फलदायी ठरतो. प्रस्तुत नोंदीत अशा संबंधाची पूर्वपीठिका, परदेशांतील व भारतातील प्रयत्न आणि महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात त्यास येणारे स्वरूप यांचा विचार केला आहे.

गोड्या पाण्याचे विज्ञान (सरोवरविज्ञान व जलविज्ञान) आणि महासागरविज्ञान यांच्या संस्था, नियतकालिके व अभ्यासक्रम वेगवेगळे असले, तरी शालेय शिक्षणात ही विभागणी टिकवून धरण्याचे कारण नाही. तापमान, विरघळलेला ऑक्सिजन, पारदर्शकता, विद्राव्य लवणे, प्लवक (पाण्यात तरंगत राहणारे सूक्ष्म जीव) ही मोजमापे दोहोंकडे सारखीच आहेत, आणि पाणीही एकच आहे. सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी तालुक्यातील वैराग हे गाव उदाहरणादाखल घेता येईल. कोकण किनारा वैरागपासून सरळ रेषेत सुमारे ३०० किमी. पश्चिमेस आहे. तथापि वैरागच्या शिवारात पडलेले पाणी तिकडे जात नाही. ते ओढ्यानाल्यांनी भोगावती-सीना खोऱ्यात उतरते. सीना नदी दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग-कुडल येथे भीमेस मिळते (मराठीतील आद्य शिलालेखांपैकी एक, १०१८ चा, याच संगमावरील मंदिरात आहे). भीमा पुढे कर्नाटकात रायचूरच्या उत्तरेस कृष्णेस मिळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते. म्हणजे वैरागच्या विद्यार्थ्याचा समुद्र अरबी समुद्र नसून बंगालचा उपसागर होय. ही गोष्ट नकाशावरून पाच मिनिटांत समजण्यासारखी आहे. तरीही पावसाचे ढग पश्चिमेकडून येतात व सहलही कोकणात जाते, म्हणून बहुतेक विद्यार्थी उत्तर ‘अरबी समुद्र’ असेच देतात.

या मार्गावर उजनी, श्रीशैलम, नागार्जुनसागर ही मोठी धरणे व विजयवाडा येथील प्रकाशम बंधारा आहे, शिवाय असंख्य लहान तलाव, बंधारे व उपसा योजना आहेत. (उजनी धरण भीमेवर सीना-संगमाच्या वर असल्याने वैरागचे पाणी त्यात जात नाही, ते पुढील धरणांत जाते.) विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णेचे समुद्रास मिळणारे पाणी त्यामुळे फार घटले. २००१ ते २००४ या अवर्षणाच्या काळात ते जवळजवळ नगण्य झाले होते. पाण्याबरोबर येणारा गाळ धरणांत अडतो आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजतो. शेतात अडवलेल्या पाण्याचा व दूरच्या किनाऱ्याचा हा संबंध गोड्या पाण्याचा अभ्यासक एकटा सांगू शकत नाही व सागराचा अभ्यासकही एकटा सांगू शकत नाही. दोघांनी मिळून शाळेपर्यंत जावे याचे खरे कारण हे आहे.

पूर्वपीठिका : पाण्याच्या विज्ञानात अव्यवसायी निरीक्षकांचा वाटा प्रारंभापासून मोठा आहे. ब्रिटनमध्ये जॉर्ज जेम्स सायमन्स यांनी १८६० मध्ये १६८ ठिकाणच्या पर्जन्यमापनाच्या नोंदी एकत्र करून प्रसिद्ध केल्या. शतकाच्या अखेरीस त्यांच्या निरीक्षकांची संख्या तीन हजारांवर गेली होती. धर्मोपदेशक, डॉक्टर, जमीनदार व शाळामास्तर असे हे लोक विनावेतन, पण ठरलेल्या वेळी व ठरलेल्या पद्धतीने नोंद करीत. आपल्याकडील साध्या पर्जन्यमापकास ‘सायमन्स पर्जन्यमापक’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले आहे. इटालियन ज्योतिर्विद व धर्मगुरू आंजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून ती दिसेनाशी होण्याची खोली मोजली. सागरात जन्मलेले हे साधन पुढे सरोवरांच्या अभ्यासात रूढ झाले. काळ्या-पांढऱ्या चतुर्थांशांत रंगविलेली २० सेंमी. व्यासाची तबकडी, तळाशी वजन व खुणा केलेली दोरी एवढ्यावर हे मापन होते. हे साधन गावातील पत्र्याचे काम करणारा कारागीर सहज करून देऊ शकतो आणि त्याने मिळणारी संख्या वैज्ञानिक आजही वापरतात. शालेय कामास याहून सोयीचे दुसरे जलीय उपकरण सांगणे कठीण आहे.

स्विस वैज्ञानिक फ्रांस्वा आल्फाँस फोरेल (१८४१–१९१२) यांनी जिनीव्हा सरोवराच्या अभ्यासातून सरोवरविज्ञानाचा पाया घातला. त्यांचा त्रिखंडात्मक ग्रंथ १८९२ ते १९०४ या काळात प्रसिद्ध झाला. एकाच सरोवराकडे जन्मभर पाहत राहणे हा त्यांचा मार्ग शाळेस विशेष जवळचा आहे. शाळा जागा बदलत नाही आणि तिच्याशेजारचे तळेही बदलत नाही. याउलट चॅलेंजर मोहिमेसारख्या (१८७२–७६) सागरी मोहिमांना जहाज, पैसा व मनुष्यबळ लागते. त्या मोहिमेत आणलेल्या सागरजलाच्या ७७ नमुन्यांचे विश्लेषण करून विल्यम डिटमार यांनी १८८४ मध्ये असे दाखविले की, खुल्या महासागरात लवणता कमीजास्त झाली तरी प्रमुख लवणांचे परस्पर प्रमाण जवळजवळ स्थिर राहते. विहिरींच्या पाण्यात असे होत नाही, तेथे खडक, खत व सांडपाणी यांप्रमाणे प्रत्येक विहिरीची घडण निराळी असते. सागराच्या अभ्यासातही व्यावसायिकेतरांची मदत घेतली गेली आहे. ॲलिस्टर हार्डी यांच्या कल्पनेतून १९३१ पासून मालवाहू जहाजांच्या मागे प्लवक-संग्राहक ओढण्याची पद्धत सुरू झाली, ती आजही चालू आहे.

परदेशांतील प्रयत्न : शाळांना प्रत्यक्ष सामावून घेणारे उपक्रम विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत उभे राहिले. त्यांपैकी एकाचा उगम उद्बोधक आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ॲन आर्बर येथील ह्यूरॉन हायस्कूलच्या काही विद्यार्थ्यांना १९८४ मध्ये नदीच्या पाण्याशी संपर्क आल्यानंतर कावीळ झाली. तेव्हा जीवविज्ञानाच्या वर्गाने मिशिगन विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम स्टॅप यांच्या साहाय्याने नदीचे पाणी स्वतः तपासावयास सुरुवात केली. यातून शाळांचे नदी-परीक्षणाचे जाळे उभे राहिले व १९८९ मध्ये त्यास जागतिक स्वरूप आले. येथे प्रश्न विद्यार्थ्यांचा होता, वैज्ञानिकाने पद्धत दिली. बहुतेक उपक्रमांत हे उलट घडते. प्रश्न प्रयोगशाळेत ठरतो व शाळेकडे फक्त नमुने भरून पाठविण्याचे काम येते.

‘टायटॅनिक’ जहाजाचे अवशेष शोधणारे सागरवैज्ञानिक रॉबर्ट बॅलार्ड यांनी १९८९ मध्ये ‘जेसन’ प्रकल्प सुरू केला. त्यात सागरतळावरील शोधाची दृश्ये थेट विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविण्यात आली. अमेरिकेत १९९४ पासून दरवर्षी ठरावीक काळात स्वयंसेवकांकडून सरोवरांची सेकी-खोली मोजून घेण्याचा उपक्रम होऊ लागला. ‘ग्लोब’ हा हवा, पाणी, मृदा व वनस्पती यांच्या शालेय मापनाचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम १९९५ मध्ये सुरू झाला. भारत त्यात २००० मध्ये सहभागी झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या साहाय्याने २००२ पासून सागरवैज्ञानिक व शिक्षक यांना जोडणारी केंद्रे चालविण्यात आली. त्याच सुमारास, शालेय अभ्यासक्रमांत महासागर जवळजवळ नाहीच ही तक्रार घेऊन वैज्ञानिक व शिक्षक एकत्र आले आणि ‘सागरसाक्षरते’ची सात तत्त्वे त्यांनी निश्चित केली (२००५). पृथ्वीवर एकच मोठा महासागर असून त्याची अनेक वैशिष्ट्ये आहेत, हे त्यांतील पहिले तत्त्व होय. संयुक्त राष्ट्रांनी २०२१–३० हे महासागरविज्ञानाचे दशक जाहीर केल्यावर युनेस्कोच्या आंतरशासकीय महासागरविज्ञान आयोगाने हा विचार अनेक देशांत नेला.

आर्गो तरंडांचा उपयोग हा यांतील सर्वांत कल्पक प्रयोग म्हणावा लागेल. हे स्वयंचलित तरंड सुमारे १,००० मी. खोलीवर वाहत राहतात. दर दहा दिवसांनी २,००० मी.पर्यंत खाली जाऊन वर येताना तापमान व लवणता मोजतात आणि पृष्ठभागावर आल्यावर उपग्रहामार्फत माहिती पाठवितात. जगाच्या महासागरांत असे सुमारे ४,००० तरंड आहेत. दक्षिण महासागरात सोडलेल्या काही तरंडांना शाळांतील वर्गांनी नावे दिली असून ते वर्ग आपापल्या तरंडाची वाटचाल पाहत असतात. हिंदी महासागरातील भारताच्या तरंडांचे काम हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र (स्थापना १९९९) पाहते. आर्गोची माहिती सर्वांस खुली असल्याने सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या प्रशालेसही बंगालच्या उपसागरातील एखादा तरंड वर्षभर पाहता येईल. पावसाळ्यानंतर नद्यांच्या गोड्या पाण्यामुळे उपसागराच्या उत्तर भागात वरच्या थराची लवणता कशी उतरते व अरबी समुद्रात ती उंच का राहते, ही तुलना यासाठी फार चांगली आहे.

भारत व महाराष्ट्र : भारतात सागरविज्ञानास संस्थात्मक बळ मिळाले ते आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेमुळे (१९५९–६५). तिच्या अखेरीस १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली, एन. के. पणिक्कर हे तिचे पहिले संचालक होत. गोव्यात दोना पावला येथे तिचे मुख्यालय असून मुंबई, कोची व विशाखापटनम येथे प्रादेशिक केंद्रे आहेत. मराठी शाळांच्या दृष्टीने ही सर्वांत जवळची मोठी सागरवैज्ञानिक संस्था आहे. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय (१९५१) व रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र (१९५८) यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या शालेय सहलींना समुद्रातील जीव दाखविले. अर्थात काचेमागचा मासा पाहणे आणि समुद्राचा अभ्यास कसा होतो हे पाहणे यांत अंतर आहे.

वैज्ञानिक संशोधक व ग्रामीण शिक्षक यांच्या सहकार्याचे भारतातील वळण घालून देणारे प्रयोग पाण्याच्या क्षेत्राबाहेर झाले. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत ‘होशंगाबाद विज्ञान’ हा कार्यक्रम सुरू झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्था व दिल्ली विद्यापीठ येथील वैज्ञानिक सुट्टीत येऊन शिक्षकांबरोबर स्वतः प्रयोग करीत. पुढे तो संपूर्ण जिल्ह्यात पसरला व २००२ मध्ये शासकीय निर्णयाने बंद झाला. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने (स्थापना १९७४) १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांच्या शिक्षकांबरोबर काम केले. या दोन्ही प्रयोगांत असे दिसून आले की, शिक्षकास एकदाच दिलेले प्रशिक्षण फार काळ टिकत नाही. दरमहा भेटण्याची व अडलेले विचारण्याची सोय असेल, तरच वर्गातील अध्यापन बदलते.

पाण्याशी थेट जोडलेले एक उदाहरण पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमाचे आहे. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत ग्रामीण मुलांना भूमीचा विद्युत्‌रोध मोजून भूजलाचा अंदाज घेण्याचे तंत्र शिकविण्यात आले व गावकऱ्यांना ती सेवा म्हणूनही देण्यात आली. शिकण्याच्या ओघात केलेले मापन कुणाच्या तरी खऱ्या निर्णयास उपयोगी पडते, हे त्यातील मर्म होय.

राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून भरू लागली. १० ते १७ वयोगटातील मुलांनी लहान गट करून शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली स्थानिक प्रश्नाचा अभ्यास करावा, असे तिचे स्वरूप होते. तीत पाण्यावरचे प्रकल्प नेहमीच मोठ्या संख्येने येत. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि केंद्रीय विद्यालय संघटन यांनी ६ जुलै २०१७ रोजी ‘जिज्ञासा’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात १,१५१ केंद्रीय विद्यालये परिषदेच्या ३८ राष्ट्रीय प्रयोगशाळांशी जोडण्यात आली. दोना पावलाची संस्थाही त्यांपैकी एक होय. दरवर्षी एक लाख विद्यार्थी व सुमारे एक हजार शिक्षक यांच्यापर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. हा उपक्रम महत्त्वाचा असला, तरी केंद्रीय विद्यालये प्रायः शहरांत व छावण्यांत असतात. वैरागसारख्या गावातील मराठी माध्यमाची शाळा अशा जाळ्याच्या कडेवरच राहते. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमाने ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर अभ्यासफेऱ्या सुरू केल्या, त्यांचाही लाभ साहजिकच किनाऱ्यावरील शाळांना होतो.

महाराष्ट्रात नववी व दहावीच्या वर्गांसाठी ‘जलसुरक्षा’ हा विषय २०२० च्या सुमारास आला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा (१९७२) राज्यातील निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. जलजीवन मिशनमध्ये (२०१९) गावातील पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाने पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. पुस्तक, मोजणी यंत्रणा व तपासणी संच अशा तिन्ही गोष्टी गावात किंवा गावाजवळ आहेत, पण एकमेकींशी त्यांचा संबंध क्वचितच येतो. निरीक्षण विहीर शाळेपासून हाकेच्या अंतरावर असली, तरी तिची पातळी कोण, केव्हा मोजून गेले हे शाळेस ठाऊक नसते.

अवर्षणप्रवण भागातील शाळा : वैरागचा परिसर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वार्षिक पाऊस ६०० मिमी.च्या आसपास असून त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात पडतो, तोही वर्षावर्षाला फार बदलतो. खडक दक्षिण ट्रॅपचा बेसाल्ट असल्याने भूजल मुख्यतः विदारित (झिजलेल्या) थरात व भेगांत साठते आणि त्याचे प्रमाण थोडे असते. उघड्या जलाशयातून वर्षाकाठी दोन मी.च्या आसपास पाणी बाष्प होऊन जाते, म्हणजे पडणाऱ्या पावसाच्या तिपटीहून अधिक उंचीचा थर उडून जाऊ शकतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरींची संख्या वाढत गेली, त्या खोल होत गेल्या आणि द्राक्षबागांसारखी बारमाही पिके त्यांवर उभी राहिली.

अशा ठिकाणी शाळेने प्रथम काय मोजावे, याचे उत्तर पाऊस असेच द्यावे लागेल. पीकविमा व अतिवृष्टीची भरपाई यांसाठी महसूल मंडळातील केंद्राची नोंद धरली जाते. ‘महावेध’ प्रकल्पात दोन हजारांहून अधिक मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसविण्यात आली आहेत. एका मंडळात अनेक गावे असतात, आणि वळवाचा किंवा परतीचा पाऊस एका गावात ७० मिमी. तर पाच किमी.वर १० मिमी. असा पडू शकतो. चोवीस तासांत ६५ मिमी. ही अतिवृष्टीची सीमारेषा आहे. तिच्या अलीकडे-पलीकडे शेतकऱ्याचे नुकसान भरून निघणे किंवा न निघणे ठरते. शाळेच्या नोंदीला आज कायदेशीर मान्यता नाही. परंतु मंडळातील प्रत्येक गावच्या शाळेने सकाळी ८.३० वाजता, मापकाचे तोंड जमिनीपासून ३० सेंमी. उंच व झाडे-भिंतींपासून दूर ठेवून, रविवारी व सुट्टीतही न चुकता नोंद केली, तर एकच केंद्र पुरेसे आहे की नाही या प्रश्नाला प्रथमच आकड्यांचा आधार मिळेल. सुट्टीतील नोंद हीच खरी अडचण आहे. मे व ऑक्टोबर महिन्यांतील रिकाम्या रकान्यांमुळे शालेय नोंदवह्या वैज्ञानिकाच्या दृष्टीने निरुपयोगी होतात आणि ऑक्टोबरात तर येथे पाऊस असतो. शाळेशेजारी राहणाऱ्या दोन-तीन कुटुंबांकडे आळीपाळीने हे काम सोपविणे, हा व्यवहार्य उपाय आहे.

दुसरे मोजमाप विहिरीच्या पाण्याच्या पातळीचे. दोरी, वजन व मोजपट्टी यांवर ते होते. मोजणी पंप सुरू होण्यापूर्वी, पहाटे किंवा सकाळी केली पाहिजे, अन्यथा उपशामुळे उतरलेली पातळी नोंदली जाते. गावातील १० विहिरींची दर पंधरवड्याची पातळी आणि शाळेचा पाऊस एकाच आलेखावर काढल्यास, पाऊस पडल्यानंतर किती दिवसांनी कोणती विहीर वर येते व बागांचे पाणी सुरू झाल्यावर कोणती आधी आटते, हे दिसू लागते. याला जोडून विंधन विहिरींची वही ठेवता येते. खोली किती, पाणी किती फुटांवर लागले, कोरडी गेली का, जागा भूवैज्ञानिकाने दाखविली की पाणाड्याने, एवढे चार-पाच रकाने पुरतात. पाणाड्याविषयी वर्गात वाद घालण्यापेक्षा ही वही पाच वर्षे चालविणे अधिक विज्ञाननिष्ठ आहे. यशस्वी विहिरी लोक आठवणीत ठेवतात, कोरड्या विसरून जातात. वही मात्र दोन्ही ठेवते.

तलावाच्या अभ्यासास वैरागजवळचा जवळगाव मध्यम प्रकल्प किंवा एखादा पाझर तलाव पुरेसा आहे. तापमान, सेकी-खोली व विरघळलेला ऑक्सिजन यांपासून आरंभ करावा. समुद्रसपाटीस २० से. तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० से. तापमानास ७.६ मिग्रॅ.; वैरागची उंची सुमारे ५०० मी. असल्याने हे आकडे पाच-सहा टक्क्यांनी कमी धरावेत. शैवाल माजलेल्या तळ्यात दुपारी ऑक्सिजन या मर्यादेच्याही वर जातो आणि पहाटे धोकादायक रीतीने खाली येतो. उन्हाळ्यात सकाळी मासे मरून तरंगलेले दिसतात ते पुष्कळदा यामुळे. कुणी विष टाकल्याचा संशय दर वेळी खरा नसतो. ऑक्सिजन मोजण्याची विंकलर पद्धत १८८८ पासून रूढ आहे, परंतु तीत संहत सल्फ्यूरिक अम्ल व दाहक अल्कली लागत असल्याने ते काम शिक्षकाने किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने करावे. उजनी जलाशयाशी तुलना येथे उपयुक्त ठरते. पुणे व पिंपरी-चिंचवड परिसराचे सांडपाणी मुळा-मुठा व भीमेतून त्यात येते. पोषक द्रव्यांची वाढ, जलपर्णी, शैवाल आणि मूळच्या माशांऐवजी तिलापियाची भरभराट ही तेथील लक्षणे अभ्यासकांनी नोंदविली आहेत.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्याच्या काठावर विद्यार्थ्यास कोणत्याही मापनासाठी नेऊ नये. त्याचे उतार निसरडे असतात, आत पडलेल्यास वर येण्यास आधार मिळत नाही आणि पोहता येणारा माणूसही त्यात बुडतो. कठडा नसलेल्या विहिरीचेही तसेच. ज्या आकड्यासाठी मूल काठावर वाकते, तो आकडा घेऊ नये.

भाषेचा प्रश्न : वैज्ञानिकांचे लेखन इंग्रजीत व शाळा मराठीत, एवढेच अंतर असते तर भाषांतराने ते मिटले असते. प्रत्यक्षात तिसरी भाषा गावाची आहे आणि तीच सर्वांत नेमकी असते. साबणाला फेस न येणाऱ्या पाण्यास गावात ‘जड पाणी’ म्हणतात. विज्ञानाच्या पुस्तकात ‘जड पाणी’ म्हणजे ड्यूटेरियमयुक्त पाणी, आणि गावच्या जड पाण्यास ‘कठीण’, ‘दुष्फेन’ वा ‘अफेनद’ असे तीन वेगवेगळे शब्द वेगवेगळ्या पुस्तकांत आढळतात. ‘क्षारता’ हा शब्द तर कुठे लवणांचे प्रमाण या अर्थी, तर कुठे अम्ल उदासीन करण्याची क्षमता या अर्थी येतो. मृदा-परीक्षणाच्या अहवालावरून शिक्षक व शेतकरी यांचे गैरसमज होतात ते यामुळे. उलट ‘मचूळ’ हा शब्द गोडे व खारे यांच्या मधल्या पाण्यासाठी इतका नेमका आहे की, खाडीच्या पाण्याचा पाठ त्यापासूनच सुरू करावा. सोलापूरच्या मुलाने खाडी पाहिलेली नसते. मचूळ पाणी मात्र त्याने चाखलेले असते.

सहकार्यातील अडचणी : शिक्षकाजवळ वेळ थोडा असतो, तासिका ३५ ते ४० मिनिटांची, अभ्यासक्रम परीक्षेशी बांधलेला आणि निवडणूक, जनगणना यांसारखी कामे वेगळी. वैज्ञानिकाची बढती शोधनिबंधांवर अवलंबून असते, शाळेत घालविलेले दिवस त्यात मोजले जात नाहीत. यामुळे दोन्हीकडून उत्साही व्यक्तींवर सारा भार पडतो व त्यांची बदली किंवा निवृत्ती झाली की काम थांबते. जिल्ह्यातील महाविद्यालये व सोलापूर विद्यापीठ (स्थापना २००४, आताचे नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ) हा येथे स्वाभाविक दुवा होय. बार्शी-सोलापूर रस्त्यावरील वैरागच्या शिक्षकास गोव्यास जाणे वर्षातून एकदा जमेल, बार्शीस किंवा सोलापुरास दरमहा जाता येईल. राष्ट्रीय संस्थेने महाविद्यालयातील प्राध्यापकांशी व त्यांनी शाळांशी काम करावे, अशी दोन पायऱ्यांची रचना वैज्ञानिकांच्या थेट शाळाभेटींपेक्षा अधिक टिकाऊ ठरण्याचा संभव आहे.

याहून मोठा दोष परतीच्या वाटेचा आहे. शाळांकडून नमुने व आकडे मागविले जातात, अहवाल तयार होतो आणि शाळेस त्याची प्रतही मिळत नाही. एका विहिरीत नायट्रेट लिटरमागे ४५ मिग्रॅ. या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि ते त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्यांना कळलेच नाही, तर ते मापन केवळ निष्फळ नव्हे, अन्यायाचे आहे. पाणी दिसण्यास स्वच्छ असते व नायट्रेटला चव नसते. तान्ह्या मुलांना त्याचा धोका विशेष असतो. त्याच वेळी वर्गातील संचाने काढलेला एकच आकडा ग्रामसभेत वाचून दाखविणेही योग्य नाही. संशयास्पद नमुना शासकीय प्रयोगशाळेत फेरतपासणीस पाठवावा, त्याचे उत्तर येईपर्यंत लहान मुलांसाठी त्या विहिरीचे पाणी वापरू नये असे संबंधित कुटुंबांस सांगावे आणि उत्तर लेखी स्वरूपात शाळेच्या वहीत चिकटवावे. नायट्रेट उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते, हेही त्याच वेळी सांगणे आवश्यक असते. [⟶ जलप्रदूषण, भूजल, महासागर व महासागरविज्ञान, सरोवरविज्ञान].